तिसरा पुकार

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

पाळकसाहेबांनी सांगितलं म्हणून लिहितेय, नाहीतर मला कुठली हौस! दिवसभर पहिलीच्या पोरांच्या वह्या तपासायच्या आणि घरी येऊन आपलीच वही भरायची. पण यंदाच्या उपासकाळाचा विषय आहे 'देवाचा आवाज ओळखणे आणि पाळणे'. ईस्टरपर्यंत मंडळीतल्या सगळ्यांनी रोज सकाळी थोडा वेळ गप्प बसायचं. काही मागायचं नाही, नुसतं ऐकायचं. आणि जे ऐकू येईल ते लिहून काढायचं.

आज बसले. आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. मग खालच्या मजल्यावरचे काका घसा खाकरले. मग माझा गुडघा. गुडघ्याला आवाज असतो हे पन्नाशीनंतरच कळतं. देवाचं काही आलं नाही.

२० फेब्रुवारी

बसल्या बसल्या डुलकी लागली. जाग येताना आतून कुणीतरी म्हणाल्यासारखं वाटलं, "झोप गं बाई जराशी." पण देव असलं कशाला सांगेल? लिहायचं म्हणून लिहिलं.

शाळेत संजना भालेरावला हे सांगितलं. तिचा आणि माझा वर्ग शेजारी-शेजारी, नोकरीला लागलो तेव्हापासून डबा एकत्र. ती बौद्ध, देवाच्या भानगडीत पडत नाही. म्हणाली, "शुभांगी, आधी ती मतदारयाद्यांची ड्युटी रद्द करून घे. मग बघ तुला काय काय ऐकू येतं." हसले, पण तिचं काही खोटं नाही. शाळा सुटल्यावर घरोघर जिने चढायचे, मग द्वारका चौकातल्या सिग्नलला बस अर्धा तास ठप्प. घरी येते तेव्हा माझ्यात माणूस उरलेलं नसतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लताबाई आल्या होत्या. या आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख, प्रार्थनेला वाघीण. यांचं प्रत्येक वाक्य 'प्रभू म्हणतो'नं सुरू होतं. मेथी महाग झाली हेसुद्धा प्रभूच म्हणतो. आज प्रभू म्हणाला की देवळाली कॅम्पातल्या उजागऱ्यांचा मुलगा आपल्या मनालीसाठी योग्य आहे.

मुलाचं नाव रोहित. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर. तरुण संघात उपदेश करतो, दारूच्या वाटेला जात नाही. वडील जयराम उजागरे मिलिटरीच्या डेपोतून रिटायर. घर स्वतःचं.

मी मनात म्हटलं, आंधळा मागतो एक डोळा. लेकीला आता अठ्ठावीस लागलं. आयसीयूत स्टाफ नर्स आहे, कामात हुशार, पण लग्नाचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखं करते. आधीच्या दोन मुलांना तोंडावर नाही म्हणून बसली. चार वर्षांपूर्वी हिचे वडील, प्रफुल्ल, गेले, तेव्हापासून प्रत्येक गोष्ट माझ्याच डोक्यावर. एकदाचं हिचं झालं की मी आडवी पडेन ती उठणारच नाही.

२२ फेब्रुवारी

उजागरे मंडळी चर्चनंतर येऊन गेली. मुलगा दिसायला नीटनेटका, बोलणं मोजकं. मनालीला विचारलं, "नाईट ड्युटी किती असतात?" ती म्हणाली, "आयसीयू आहे, असतातच." तर त्याची आई हसली, "लग्नानंतर कशाला लागतायत नाईट ड्युट्या? आमच्यात बायकांनी रात्रीचं बाहेर राहायची पद्धत नाही." मनालीनं बशा गोळा केल्या आणि आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

ते गेल्यावर ती काही बोलली नाही. म्हणजे नाही म्हणाली नाही. हे चांगलंच लक्षण म्हणायचं.

२५ फेब्रुवारी

ऐकायला बसले. गुडघा सोडून काही नाही. इतक्या वर्षांची ख्रिस्ती मी, आणि देव माझ्याशी एक शब्द बोलायला तयार नाही. लताबाईंशी मात्र मेथीवर गप्पा मारतो. खरं सांगते, राग आला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहायलाच हवं.

काल लताबाईंच्या घरी उपास-प्रार्थना होती. मी सकाळपासून पाण्यावर. वर शाळा, वर याद्या. घरी आले आणि अंथरुणावर पडले. आज उठल्या उठल्या म्हटलं, प्रभो, आता मला सांगच. होय की नाही, एकदाचं सांग. डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. आमची आई असंच करायची.

आणि बोट कुठं पडावं? इसहाकासाठी मुलगी बघायला गेलेल्या चाकराच्या गोष्टीवर! रिबेकेच्या घरचे म्हणतात ना, ही गोष्ट परमेश्वराकडूनच आली, आम्ही बरंवाईट काय बोलणार, त्याच ओळीवर. सर्रकन काटा आला अंगावर. एवढ्या मोठ्या बायबलात बोट नेमकं लग्नाच्या मागण्यावर. मी ढसाढसा रडले. इतकं हलकं मला प्रफुल्ल गेल्यापासून वाटलं नव्हतं. म्हणजे हाच तो आवाज. असाच असतो तर.

१ मार्च, रविवार

साक्ष दिली. सगळ्या मंडळीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "प्रभू माझ्याशी बोलला. माझ्या मुलीचं घर त्यानं मला दाखवलं." 'आमेन'चा गजर झाला. लताबाईंनी मिठी मारली. पाळकसाहेब म्हणाले, "उपासकाळाचं पहिलं फळ!"

मनाली मागच्या बाकावर होती. नाईट करून थेट आलेली, डोळे लाल. घरी येताना रिक्षात विचारलं, "काय गं, आनंद झाला ना?" ती म्हणाली, "तुला खरंच ऐकू आलं, आई?" मी म्हटलं, "अगदी स्पष्ट." ती म्हणाली, "मग ठीक आहे." आणि बाहेर बघत बसली. बिचारी दमली होती.

३ मार्च

संजनाला सगळं सांगितलं. भाजीचा घास तसाच हातात धरून तिनं ऐकलं. मग म्हणाली, "छान. पण मनालीला विचारलंस का?"

म्हटलं, "देवानं सांगितल्यावर विचारायचं काय?"

"मनी वसे ते स्वप्नी दिसे, शुभांगी."

मी डबा बंद केला. हिला आमच्यातलं काय कळणार? उगाच सांगितलं.

१४ मार्च, शनिवार

साखरपुडा झाला. उपासकाळात खरं तर आम्ही कार्य करत नाही. पण लताबाई म्हणाल्या, घरच्या घरी करू, प्रभू समजून घेतो. लग्न ईस्टरनंतर, एप्रिलच्या अठराला. उजागरेबाईंनी अंगठी आणली होती ती मनालीला सैल झाली. वाळलीय पोरगी. मी म्हटलं, सगळ्याच नवऱ्या वाळतात.

१९ मार्च

मनालीनं चर्चचं क्वायर सोडलं. ईस्टरची गाणी बसवायची चालू आहेत आणि ही म्हणते, आवाज लागत नाही. रोहितचा फोन दिवसातून चार-चारदा येतो. काल ड्युटीवर असताना व्हिडिओ कॉल लाव म्हणाला. पेशंटचा ऑक्सिजन खाली चाललेला, हिनं उचलला नाही, तर रात्री अर्धा तास समजूत घालत होती. मी ऐकत होते भिंतीपलीकडून. काळजी करतो म्हणायचं. प्रफुल्ल कधी शाळेत फोन करायचे नाहीत, आणि मी कुरकुर करायचे की माझी आठवणच येत नाही.

२२ मार्च, रविवार

पहिला पुकार झाला. लग्नाआधी तीन रविवार पाळक मंडळीला सांगतात, अमक्याचं अमकीशी लग्न ठरलंय, कुणाची हरकत असेल तर आताच सांगा. कोणी कधी काही सांगत नाही. माझ्या उभ्या जन्मात मी एक हरकत ऐकलेली नाही. पाळकसाहेबसुद्धा उत्तरासाठी न थांबता पुढचं गीत सांगून मोकळे होतात.

आपल्यात 'कैलासवासी' म्हणत नाहीत; पाळकसाहेबांनी 'प्रभूत निजलेले प्रफुल्ल आढाव व श्रीमती शुभांगी आढाव यांची कन्या' असं मोठ्यानं म्हटल्यावर माझा ऊर भरून आला. मनालीनं मान वर केली नाही.

२४ मार्च

मनालीनं हॉस्पिटलात राजीनामा दिला. मला आधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाली, "ते लोक म्हणत होते, लग्नाआधीच दे." मी म्हटलं, "तुला द्यायचा होता का?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कुठल्यातरी परक्या भाषेत बोलले. म्हणाली, "आई, तुला भूक लागलीय का? मी भात टाकते."

आज ऐकायला बसले नाही. नको वाटलं.

२८ मार्च, शनिवार

उद्या झावळ्यांचा रविवार. संडे स्कूलच्या बाई आजारी पडल्या म्हणून वर्ग माझ्या गळ्यात. म्हटलं, रिबेकेचीच गोष्ट सांगू मुलांना, माझ्या जिव्हाळ्याची झालीय. तयारी करावी म्हणून सबंध गोष्ट वाचायला बसले. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट, पण त्या दिवशी बोट पडलं तिथून पुढं मी वाचलंच नव्हतं.

माझं बोट पडलं होतं त्याच पानावर, थोडं खाली, चाकराला निघायची घाई झालीय. तेव्हा रिबेकेची आई आणि भाऊ म्हणतात, आपण मुलीलाच बोलावून विचारू. आणि बोलावतात. आणि विचारतात. ती स्वतःच्या तोंडानं जाईन म्हणते, मगच सगळे उठतात.

तिची आई विचारते. देवाकडून आलंय असं कबूल केल्यावरसुद्धा विचारते.

कप्पाळ माझं! एका पानावर होतं सगळं. मला हवं होतं तेवढं वाचलं आणि पुस्तक मिटलं. पोरांनी असं अर्धं वाचून उत्तर लिहिलं तर मी लाल शाईनं अख्खं पान भरते.

२९ मार्च

दुसरा पुकार झाला. पाळकसाहेब 'हरकत' म्हणाले तेव्हा मी पुढचं बाक घट्ट धरलं. बसून राहिले.

३० मार्च

विचारलं एकदाचं. मनाली कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "मने, तुला हे लग्न करायचंय ना?"

तिच्या हातातली चादर खाली गेली. "आता विचारतेस? हॉल ठरला, राजीनामा दिला, दोन पुकार झाले."

"तरी सांग."

"मी काय सांगणार? तुला प्रभूनं सांगितलंय ना. सगळ्या चर्चनं 'आमेन' म्हटलंय. मी कोण त्याच्या पलीकडे?" चिडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. अगदी शांतपणे बोलली, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकाला समजवावं तसं. मग चादर उचलून परत घडी घालायला लागली.

माझी साक्ष तिच्या तोंडावर हात ठेवून उभी आहे. मी घरात कितीदा विचारलं तरी तो हात निघणार नाही.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

तीन तासांची उपासना झाली. उपास, गुडघे, गर्दी. शेवटी सगळे गप्प बसले होते तेव्हा आतून आलं, "उभी राहा आणि मागे घे."

मी लगेच म्हटलं, हा आवाज देवाचा नाही, संजनाचा आहे. तीच बोलली असेल माझ्या डोक्यात. दुसऱ्यांदा आलं. मी म्हटलं, प्रभो, चारचौघांत माझी शोभा होईल. लताबाई मला जिवंत सोडायच्या नाहीत. शाळेत, गल्लीत, कॅम्पात बोभाटा होईल. आणि मनालीचं लग्न मोडलं तर मोडलेल्या लग्नाच्या मुलीला परत कोण विचारतंय? तेवढंच पुन्हा आलं.

त्या दिवशी बोट पडलं तेव्हा मला हवं ते मिळालं होतं, आणि किती गोड वाटलं होतं. आज यातलं मला काहीच नकोय. म्हणूनच भीती वाटतेय की हाच खरा असेल.

४ एप्रिल, शनिवार

पाळकसाहेबांकडे जाऊन आले. माणूस भला आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आढावबाई, लग्नाच्या तोंडावर प्रत्येक आईला असं होतं. उद्या तिसरा पुकार झाला की मन शांत होईल."

मी म्हटलं, "मग माझ्या साक्षीचं काय?"

ते म्हणाले, "तुमच्या साक्षीनं किती जणांना उभारी मिळाली ठाऊक आहे? ती तुम्ही मागे घेतलीत तर उद्या लोक म्हणतील, असल्या सगळ्याच साक्षी खोट्या. मंडळीचा विचार करा. मुलीशी घरात बोला."

"घरात बोलले, साहेब. ती बोलत नाही."

त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मी आमेन म्हटलं आणि चालत बसस्टॉपपर्यंत आले. इतकी दमलेय की वाटतं, उद्या ताप यावा आणि जाताच येऊ नये. कपाळाला हात लावून बघितला. ताप नाही.

५ एप्रिल, ईस्टर

संध्याकाळ आहे. फोन बंद करून ठेवलाय.

चर्च गच्च भरलं होतं. मागं खुर्च्या टाकलेल्या, दारात पोरं उभी. मनाली बायकांच्या बाजूला, माझ्यापासून दोन बाकं मागं. पाळकसाहेबांनी कागद घेतला. "देवळाली कॅम्प येथील श्री. जयराम उजागरे यांचे चिरंजीव रोहित आणि..." मला वाटलं मी उठणार नाही. खरंच वाटलं. "कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावे," ते म्हणाले, आणि या वेळी, का कोण जाणे, लगेच गीताकडे वळले नाहीत. एक क्षण थांबले.

मी उठले. पुढचं बाक धरून उभी राहिले. "साहेब, मला बोलायचंय."

"साक्षीची वेळ नंतर आहे, आढावबाई."

"साक्ष नाही. हरकत आहे."

मी म्हणाले, "मार्चच्या पहिल्या रविवारी मी इथं उभी राहून म्हणाले, प्रभूनं मला सांगितलं. त्यानं सांगितलं नव्हतं. मी दमले होते. मला सुटायचं होतं, आणि मी त्याला प्रभूचं नाव दिलं. मुलाला मी नावं ठेवत नाही. पण माझी साक्ष खोटी होती, ती मी मागे घेते. मनालीला कुणी विचारलेलं नाही. आधी तिला विचारा. ती हो म्हणाली तर माझी काही हरकत नाही."

लताबाई उठल्या. "सैतान बोलतोय! आजच्या दिवशी!" कुणीतरी त्यांना खाली बसवलं. त्या आशीर्वादालाही थांबल्या नाहीत, फोन कानाला लावत बाहेर पडल्या. कॅम्पात बातमी आमच्या प्रभूभोजनाच्या आधी पोचली. पाळकसाहेबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. ते एवढंच म्हणाले, "हा पुकार मी पुरा धरत नाही." मग गीत सुरू झालं. मी कधी बसले ते आठवत नाही. मागं वळून बघितलं तर मनाली जागेवर नव्हती.

घरी आले. ती साडीतच पलंगावर आडवी होती, भिंतीकडे तोंड करून. मी पायथ्याशी बसले. म्हटलं, "चिडलीस का गं?"

मग भिंतीलाच सांगावं तसं बोलली.

"आई, ऐकायला बसायचं पाळकसाहेबांनी फक्त तुलाच नव्हतं सांगितलं. मी पण बसायचे. ड्युटीवर, पहाटे, पेशंट झोपले की. ते लोक येऊन गेले तेव्हापासून मला एकच ऐकू यायचं. नको. भीती नव्हती गं ती. अगदी शांत होतं. नको. मी तुला सांगणारच होते त्या रविवारी, चर्चमधून आल्यावर."

"मग?"

"मग तू साक्ष दिलीस. मला वाटलं, आई इतकी वर्षं प्रार्थना करतेय, तिला खरं कळणार. मला जे ऐकू येतं ते माझंच मन असणार, आळशी, स्वार्थी. म्हणून मी ते दाबायला शिकले. रोज थोडं थोडं."

म्हटलं, "आता सांग ना. आता काय ऐकू येतं?"

तिनं तोंड वळवलं. रडत नव्हती. ती रडत नव्हती तेच मला बघवेना.

"लग्न मी करणार नाही, ते रोहितला मीच सांगेन. ते माझं मला कळतंय. पण ते दुसरं..." ती थांबली. "कितीतरी दिवस बसून बघितलं, आई. आता काहीच ऐकू येत नाही."

मी तिचे पाय मांडीवर घेतले. नोटिशीच्या मुदतीतही रात्रभर ड्युटीवर उभं राहून सुजलेले. मी शाळेत शेकडो पोरांना बोलायला शिकवलं आणि माझ्या पोटच्या पोरीला जे ऐकू येत होतं ते मी बंद केलं. देवाच्या नावानं बंद केलं. लग्न मोडल्याचं दुःख मंडळी करतील, कॅम्पातले करतील. मला त्याचं काही नाही. मला रडू आवरत नव्हतं ते ह्याचं. ती म्हणाली, "आई, पुरे आता," आणि तशीच झोपली. अजून झोपलीय.

प्रभो, माझ्याशी नाही बोललास तरी चालेल. मी आता विचारणार नाही. तिच्याशी बोल.